कुणाच्या घरचं भांडं

प्रभावतीबाईंना फुकट या शब्दाचीच चीड होती. कुणाला कारल्याची चीड असते, कुणाला व्याह्यांची असते, पण या बाईंचं असं, की भाजीवाल्यानं पिशवीत कोथिंबिरीची जुडी वरून टाकली तरी विचारायच्या, "हिचे किती?" आणि तो बिचारा "राहू द्या मावशी" म्हणाला, की यांचा पारा चढलाच म्हणून समजा. त्यालाही कारण होतं. नवरा गेल्यावर भावकीनं वर्षभर घरात धान्य आणून टाकलं होतं आणि पुढं कित्येक वर्षं लग्नाकार्यात ते बोलून दाखवलं होतं. तेव्हापासून बाईंनी मनाशी पक्कं केलं, घेतलं की परत द्यायचं. शेजारणीचं भांडं घरात आलं तर रिकामं परत धाडायचं नाही.

ही रीत जांबे गावात तशी घरोघर आहे. पण बाकीच्या बायका भांड्यात मूठभर साखर टाकून मोकळ्या होतात, आणि बाईंना ते पटत नाही. आलं त्याच्या तोलाचं गेलं पाहिजे! त्यामुळं झालं असं, की त्यांच्या फळीवर तीन परकी भांडी कधीची पालथी पडून होती. त्यातला एक स्टीलचा डबा अनिकेतच्या आईचा. अनिकेत म्हणजे बाईंच्या मागच्या खोलीतला भाडेकरू, लातूरकडचा पोरगा, हिंजवडीत कंपनीत जाणारा. दिवाळीला त्याच्या आईनं डबा भरून अनारसे पाठवले होते. आता अनारशाच्या तोलाचं काय द्यायचं ते काही बाईंना सुचेना, आणि डबा काही फळीवरून हलेना.

अशा बाईंपुढं येऊन हा पोरगा म्हणतो काय, "काकू, तुमच्या गटासाठी एक चांगलं सॉफ्टवेअर आहे. फुकट आहे."

"नगं," बाई म्हणाल्या. विषय संपला.

पण विषय संपून चालणार नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. बाईंचा महिला गट म्हणजे डब्यांचा गट. जुन्या गोठ्याला पत्रा घालून त्यांनी तिथं चुली मांडल्या, मग शेगड्या आल्या, आणि बघता बघता निम्म्या गावातल्या खोल्यांतली आयटीची पोरं-पोरी यांच्या हातचं जेवायला लागली. सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे रस्त्यापलीकडचं मुलींचं होस्टेल. त्या एका होस्टेलवर गटातल्या निम्म्या बायकांचे हात चालू होते. कुणाला किती पोळ्या, कुणाला बिनलसणाचं, कोण सुट्टीवर, हे सगळं मोबाईलमधल्या एका सॉफ्टवेअरवर चालायचं. ते विकलं होतं बावधनच्या कैलासनं. आणि महिन्यापूर्वी त्याच्या कंपनीनं कळवलं, की जुनं बंद होतंय, नवं घ्या, पाच वर्षांचा करार करा. करारातला आकडा ऐकून गटातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या धोंडाबाईंनी पदर तोंडाला लावला तो बराच वेळ काढला नाही. त्यात गेल्या आठवड्यात जुनं सॉफ्टवेअर असं काही गचके खायला लागलं, की होस्टेलचे डबे दोनदा चुकले. होस्टेलच्या वॉर्डनबाई गोड बोलायच्या, पण बोलायच्या तेच जे बोलायचं असतं: असंच होणार असेल तर आम्हाला दुसरीकडं बघावं लागेल.

तेव्हा बाईंनी अनिकेतला परत ओट्यावर बोलावलं. "बस. आता सरळ सांग. त्याचा मालक कोण?"

"मालक असा कुणी नाही काकू. ते सगळ्यांचं आहे. जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलंय. आतलं सगळं उघडं आहे, कुणीही बघावं, वापरावं, बदलावं."

"सगळ्यांचं म्हंजे गायरान झालं की रे! आमच्या गायरानाचं काय झालं बघितलंस न्हवं? तितं आता तीन मजली हाटेल हाय."

अनिकेत हसला. "इथं तसं करता येत नाही. घेतलं तरी दुसऱ्याचं कमी होत नाही."

"मग त्या लोकांचं पोट कशावर चालतं?"

"बरेचसे नोकरी करतात. हे आवडीनं करतात. काहींना त्यांच्या कंपन्याच करायला सांगतात."

"कंपन्या फुकट द्यायला सांगतात?" बाईंनी त्याच्याकडं असं बघितलं, की तो पोरगा स्वतःच क्षणभर गोंधळला. खरंच, का सांगतात? मग त्यानं काहीतरी समजावलं, बाईंनी मान हलवली, आणि त्यातलं एक अक्षर त्यांच्या डोक्यात शिरलं नाही.

शनिवारी बायका जमल्या. नेमका कैलासही आला. येताना पेढे घेऊन आला, धोंडाबाईंच्या पाया पडला, चहाला नको-नको म्हणून दोन कप प्यायला. माणूस मोठा लाघवी. फुकट सॉफ्टवेअरचं ऐकून तो रागावला नाही की काही नाही. एवढंच म्हणाला, "घ्या की ताई, चांगलंच असेल. फक्त एक सांगा. बंद पडलं तर फोन कुणाला करणार?"

आणि सगळ्या बायका बाईंकडं बघायला लागल्या.

"बरूबर हाय त्याचं," धोंडाबाई म्हणाल्या. "ह्यो माणूस डोळ्यांफुडं दिसतो तरी. काय बिघडलं तर शिव्या द्यायला कुणीतरी पायजे का नगं? त्या गायरानाला कुणाच्या नावानं बोंबलायचं?"

बाईंच्या डोक्याचं पार भजं झालं. मालक नसलेली वस्तू, पैसे न घेणारी माणसं, आणि शिव्या कुणाला द्यायच्या त्याचा पत्ता नाही! अहो, साधा मिक्सर घेतला तरी त्याच्यामागं दुकानाचा शिक्का असतो. पण कैलासचा करार केला तर नव्या वर्षी दोन बायकांना घरी बसवावं लागणार होतं, हेही खरं. त्या दोघी समोरच मांडी घालून बसल्या होत्या. त्यांच्याकडं बघायचं धाडस बाईंना झालं नाही.

"थोडे दिवस वापरून बघू," त्या शेवटी म्हणाल्या. "न्हाई जमलं तर कैलासरावांचं हायेच."

कैलास उरलेल्या पेढ्यांचा खोका तिथंच ठेवून गेला. म्हणजे परत येणार होता.

अनिकेतला मात्र बाईंनी अट घातली. "ज्यानं कुणी केलंय त्येला शोध. त्याचं भांडं आपल्याकडं आलंय. रिकामं परत जाणार न्हाई. लाडू पाठवीन, चटणी पाठवीन, काय हवं ते ईचार."

पोरानं खरंच त्या सॉफ्टवेअरवाल्यांना लिहिलं. दोन दिवसांनी उत्तर आलं. लिहिणारी इनेस नावाची कुणी बाई होती, पोर्तुगालमधली, शाळेतल्या मुलांच्या जेवणाचं बघता बघता हे सॉफ्टवेअर लिहायला लागलेली. ती म्हणाली, लाडू नकोत, पण आठवणीनं विचारलंत, बरं वाटलं. द्यायचंच असेल तर एवढंच द्या: वापरताना काय चुकतंय, कुठं अडतंय, ते आम्हाला सांगा.

बाईंनी कपाळावर हात मारला. "म्हंजे? जेवून उठायचं आन् वाढणारीला नावं ठिवायची? अशी रीत हाय व्हय त्यांच्यात?"

"तीच रीत आहे काकू."

"मग मला न्हाई जमायची. ज्याचं खाल्लं त्याला नावं ठिवायला मी काय भावकीतली हाय?"

इकडं काम मात्र सुरळीत चाललं. गटातली धम्मदीपा मोबाईल-संगणकाचं बघायची. चुणचुणीत मुलगी, तिनं दोन दिवसांत नवं सॉफ्टवेअर हातात घेतलं. आता प्रत्येक डब्यासाठी छापील चिकटपट्टी निघायला लागली, वर नाव, खोली, पोळ्या किती, भाजी कोणती. पूर्वी काय व्हायचं, धम्मदीपा एकेक नाव मोठ्यानं वाचायची आणि शेगडीपाशी उभ्या बाई हाळी द्यायच्या, "तिला तिखट कमी!", "त्याला दोन पोळ्या जादा घाल, रात्रपाळी हाय!" आता ओरडायचं काही कामच उरलं नाही. गोठ्यात कशी शांतता झाली. बायकांना ते आवडलं. बाईंनाही आवडलं, म्हणजे आवडल्यासारखं वाटलं.

आणि त्या शांततेनंच घात केला. संकष्टीचा दिवस होता आणि बाई सकाळीच पौडला कचेरीच्या कामाला गेल्या होत्या. परत येऊन चपला काढतायत तोवर वॉर्डनबाईंचा फोन. संकष्टी धरणाऱ्या मुलींना खिचडी गेलीच नाही, सगळ्यांना पोळी-भाजी गेली. आणि वर रात्रीचा डबा? चंद्रोदयानंतर यायला हवा तो संध्याकाळीच यायचाय असं पट्टीवर छापलंय. वॉर्डनबाईंचा आवाज या वेळी गोड नव्हता. "येत्या एकादशीला परत असं झालं, तर ताई, आपलं बंद."

चूक कुणाची ते बाईंना लगेच कळलं. दर संकष्टीला धम्मदीपा नावं वाचायची आणि त्या म्हणायच्या, हिला खिचडी. एवढीच ती सोय होती, त्यांच्या तोंडात. चिकटपट्ट्या आल्या, नावं वाचायचं थांबलं, आणि सोय गेली. पण राग एवढा आलेला, की तो कुठंतरी काढायलाच हवा होता. अनिकेत नेमका घरून काम करत होता. बाई थेट त्याच्या दारात.

"काय रे, उपास म्हंजे काय ते ठाव न्हाई व्हय त्या तुझ्या सॉफ्टवेअरला? माणसं काय रोज सारखीच जेवत्यात? कुणाची संकष्टी असती, कुणाचा मंगळवार असतो, कुणाचे नवरात्राचे नऊ दिस असत्यात! आन् उपास सोडायची येळ काय घड्याळ ठरवतं? चंद्र उगवल्याबिगर ती पोर जेवंल का? जगभरच्या लोकांनी मिळून लिवलंय म्हणं! एकाच्याबी घरात उपास नसंल? एकाच्याबी आईनं कधी पोरासाठी ताट झाकून ठिवलं नसंल?"

अनिकेत नुसता खाली मान घालून लॅपटॉप बडवत होता.

"मी काय बोलतीया आन् तुझं काय चाललंय?"

"तेच लिहितोय काकू. तुम्ही बोलताय तसंच. पाठवलं पण."

बाई धपकन खाटेवर बसल्या. "माझ्या शिव्या परदेशात धाडल्यास?"

"शिव्या गाळल्या. बाकी सगळं पाठवलं."

शरमेनं त्या रात्री बाईंना जेवण गेलं नाही. ज्यांचं फुकट वापरलं, त्यांच्या आया काढल्या! भावकी तरी दारात येऊन बोलली होती. आपण सातासमुद्रापार जाऊन बोललो. सकाळी उठल्या उठल्या त्यांनी कैलासला फोन लावला. करार घेऊन या म्हणाल्या. आणि एवढंच विचारलं, की तुमच्या नव्या सॉफ्टवेअरमधी उपासाचं काही हाय का?

"नोंदवून घेतो ताई. पुढच्या व्हर्जनमध्ये नक्की बघतो."

"पुढच्या म्हंजे कधी? एकादशी तोंडावर आलीय!" आणि बाई सुटल्या. कैलासनं सगळं ऐकून घेतलं, शेवटी म्हणाला, "तुमचं अगदी बरोबर आहे ताई, मी माफी मागतो." फोन ठेवल्यावर बाईंना फार मोकळं वाटलं. मग चहा गाळता गाळता त्यांच्या हातातली गाळणी तशीच थांबली. मागच्या वर्षी मोबाईलवर नावांची यादी उलटसुलट यायची, तेव्हाही कैलासला असंच सुनावून त्यांना मोकळं वाटलं होतं. यादी शेवटपर्यंत उलटसुलटच येत राहिली.

तेवढ्यात अनिकेत दारात. "काकू, उत्तरं आलीत."

"शिव्याच असतील."

"प्रश्न आहेत. इनेस विचारतेय, चंद्र कधी उगवतो ते रोज कोण ठरवतं? आणि एकाच खोलीत एक उपासाची, एक बिनउपासाची असेल तर तुम्ही डब्यावर खूण कशी करता? आणि हे बघा, तिथं लिहिलेलं सगळ्यांना दिसतं ना, तर ढाक्याच्या एका खानावळवाल्यानंही लिहिलंय. म्हणतो, रमजानला आमचंही असंच होतं. आम्ही दर वर्षी महिनाभर हे बंद ठेवतो आणि सगळं हातानं करतो. मला वाटायचं, मलाच नीट वापरता येत नाही."

"मग एवढी वर्षं सांगितलं का न्हाई त्यानं?"

"ते पण लिहिलंय. म्हणतो, फुकट घेतो, वर नावं कशी ठेवायची, म्हणून गप्प बसलो."

तो ढाक्याचा माणूस, ना पाहिलेला ना भेटलेला, पण त्याच्या फळीवरही पालथी भांडी पडून असणार असं बाईंना वाटलं आणि त्याची फार दया आली. आणि रागही आला. अरे, एक शब्द बोलला असतास, तर माझ्या पोरी उपाशी राहिल्या नसत्या की!

"बस," त्या म्हणाल्या. "लिव. चंद्र कालनिर्णयात बघायचा. आन् खूण म्हणशील तर…"

त्या बोलत राहिल्या, तो लिहीत राहिला. दोन दिवस तेच. स्वयंपाक चालू, मध्येच परदेशातनं प्रश्न, मध्येच बाईंचं उत्तर. मला कशाला ईचारत्यात ही माणसं, मी कोण, असं त्या दर वेळी म्हणायच्या आणि दर वेळी सांगायच्या. मध्येच त्यांच्या मनात यायचं, की यातलं आपल्याला एक अक्षरही कळत नाहीये. आणि समोर मोबाईलवर तर उपास नोंदवायची चौकट तयार होत चाललीय. थोडी इनेसनं केली, थोडी ढाक्यावाल्याच्या मुलानं.

एकादशीच्या आदल्या दिवशी परत बैठक. कैलास करार घेऊन हजर, या वेळी बर्फी. धोंडाबाईंनी बर्फी घेतली आणि जुनाच सवाल टाकला. "प्रभे, समदं खरं. पर उद्या बंद पडलं तर फोन कुणाला करायचा?"

मालक कोण ते बाईंना अजूनही कळलं नव्हतं. त्यांनी कैलासकडं बघितलं, बर्फीकडं बघितलं, समोर मांडी घालून बसलेल्या त्या दोघींकडं बघितलं, आणि तोंडातून निघून गेलं, "मला."

"तुला? तुला त्यातलं काय येतं?"

"काय बी येत न्हाई. पर मला फोन करा. मी फुडं बोंबलीन. तितं ऐकत्यात."

कैलासनं करार पिशवीत घातला. जाताना बर्फीचा खोका मात्र घेऊन गेला.

एकादशीला बाई पहाटेपासून शेगडीपाशी. धम्मदीपानं चिकटपट्ट्या काढल्या. उपासाच्या पट्टीवर कोपऱ्यात चंद्रकोर. बाई म्हणाल्या, पट्ट्या असू दे, तू नावं वाच. धम्मदीपा वाचू लागली, आणि बाई नेहमीसारख्या हाळी देऊ लागल्या. हाळी आणि चंद्रकोर जुळत गेली. एका ठिकाणी जुळली नाही, तिथं बाईच चुकल्या होत्या. त्या मुलीनं उपास सोडून दिला होता. डबे गेले. मग सगळ्या जणी मोबाईलभोवती बसून राहिल्या. दुपार झाली, संध्याकाळ झाली. वॉर्डनबाईंचा फोन आला नाही. त्या बाईचा फोन न येणं म्हणजे काय, हे गटातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. धोंडाबाईंनी न सांगता चहा टाकला.

त्या दोघी घरी बसल्या नाहीत.

चार दिवसांनी अनिकेत गावी निघाला, तेव्हा बाईंनी फळीवरचा स्टीलचा डबा काढून त्याच्या हातात दिला. आत लसणाची चटणी. रोजची, साधी, गोठ्यात होते तीच.

"अरे वा! आई म्हणत होती डबा हरवला बहुतेक." त्यानं झाकण उघडून वास घेतला आणि हसला. "काकू, पण आमच्याकडं चटणी फार झणझणीत लागते. आई नावं ठेवेल हं."

"ठिवू दे की," प्रभावतीबाई म्हणाल्या. "काय चुकलंय ते नीट कळवायला सांग म्हणावं."